अण्णांनी आखलेली अडीच वर्षं

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खालापूर तालुक्यातल्या एका बांधावर चिखलात उभी होते. मी तलाठी आहे. परतीच्या पावसाने कापणीला आलेलं भात आडवं केलं होतं, त्याचे पंचनामे चालले होते. हातात फाईल, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. फोनवर माझा नवरा संदीप होता. "वैशू, अण्णा गेले..." एवढंच म्हणाला. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "किती वाजता?" सासरे गेल्याचं कळल्यावर कुणी आधी वेळ विचारतं का? पण संदीपने जराही न अडखळता सांगितलं, "दहा वाजून बावन्न मिनिटांनी. आईने घड्याळ बघून ठेवलंय. म्हणाली, ह्यांना टाईम लागतोच." त्या बांधावर मी रडता रडता हसले. शेजारी उभे असलेले शेतकरी बाबा गोंधळून गेले बिचारे.

अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कितीला लागणार, तिच्यावर चालक कोण, वाहक कोण, कोण रजेवर, कुठली फेरी रद्द, हे तक्ते आखण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कर्जतजवळ दहिवलीत आमचं घर, पळसदरीच्या बाजूला थोडी भातशेती. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, अण्णा मात्र कागदावर रेघा मारत बसायचे. घरात लग्न असो की घराला रंग द्यायचा असो, आधी तक्ता. मला बघायला आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "पोरी, सकाळी कितीला उठतेस?" माझ्या आईने मला कोपराने ढोसलं, पाच सांग म्हणून. मी म्हणाले, "सात. कधी कधी सव्वासात." आमच्या घरच्यांचे चेहरे पडले. अण्णा मात्र मोठ्याने हसले आणि संदीपकडे वळून म्हणाले, "खरा टाईम सांगनारी मानसं कमी ऱ्हायलीत रं. मला तर पसंत हाय, तुझं तू बघ." संदीपलाही मी पसंत पडले, पण आजही तो म्हणतो की लग्न त्याच्याआधी अण्णांनी ठरवलं.

माझी मुलगी सई साडेतीन वर्षांची झाली तेव्हा मी घरात सांगितलं की मला सरकारी नोकरीच्या परीक्षा द्यायच्या आहेत. बी.कॉम. होऊन सहा वर्षं झाली होती. मी आधीच एक टाईमटेबल तयार केलं होतं, मोबाईलवर बघून. पहाटे चार ते रात्री दहा, दहा तास अभ्यास, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. सहा महिन्यांत पास. फार सुंदर दिसत होतं ते. मी ते भिंतीला लावलं आणि अण्णा चष्मा चढवून त्याच्यासमोर उभे राहिले, स्टँडवर नवा तक्ता तपासावा तसे.  मग म्हणाले, "ह्यात जेवन कुठं हाय?" मी म्हटलं, "ते मधेमधे होईल हो अण्णा." "बरं. आन ह्यात पोरीला ताप कदी येनार?" मी रंगीत चौकटी शोधायला लागले. "ताप येनारच ना? पावनं येनार, गनपती येनार, पळसदरीला लावनी येनार. त्यांना जागा नाय ठेवलीस तर ती येऊन तुझ्या अभ्यासाच्या जागेवर बसतील." आणि शेवटी, "परीक्षा कदी हाय?" मी सांगितलं की जाहिरात अजून यायचीय, कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. त्यावर अण्णांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे गाडीचाच टाईम म्हाईत नाय!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे केलं त्याने घरात सगळे वैतागले. एक शंभर पानी वही घेऊन ते आठ दिवस माझ्या मागे मागे फिरले. मी उठले की टिपणार, चहा टाकला की टिपणार, सईला आंघोळ, डबा, धुणं, फोनवर आईशी बोलणं... सगळं, मिनिटांसकट. सासूबाई, त्यांना मीही आईच म्हणते, म्हणाल्या, "आवो, सुनेच्या मागं काय फिरताय, लोकं काय म्हनतील!" अण्णा म्हणाले, "सर्वे चालू हाय." आठव्या दिवशी त्यांनी निकाल सांगितला. माझ्या दिवसात तीन तास दहा मिनिटं होती. तीही सलग नाहीत, पाच तुकड्यांत. सकाळी सई उठायच्या आधीची पन्नास मिनिटं, ती बालवाडीत गेल्यावरची एक वेळ, दुपारी ती झोपल्यावरची, असं. मला रडू यायचं बाकी होतं. पोरं दहा-दहा तास अभ्यास करतात आणि मी तीन तासांत काय करणार? अण्णा शांतपणे म्हणाले, "धा तास लिवून दोन करन्यापेक्षा तीन लिवून तीन कर. त्याच्यावर एक मिनिट लिवायचं नाय. फक्त सहा महिन्यांत होनार नाय. अडीच वर्षं धर."

अडीच वर्षं! मी संदीपकडे बघितलं, संदीपने छताकडे बघितलं. पण अण्णांनी तेवढा मोठा कागद आणला होता, चार कागद चिकटवून केलेला. त्यावर अडीच वर्षांचे सगळे महिने. लावणीचे पंधरा दिवस कोरे. गणपतीचे दिवस कोरे, त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'अभ्यास होत नाही'. दिवाळी कोरी. लग्नसराईत फक्त अर्धा भार. आठवड्यातून एक दिवस पूर्ण मोकळा, मागे राहिलेलं भरून काढायला. पहिलं वर्ष नुसता पाया, शाळेची पुस्तकं. मग सरावाच्या प्रश्नपत्रिका. आणि अगदी उजवीकडच्या टोकाला, लाल शाईत, एक उभी रेघ. "ही काय?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "ही शेवटची गाडी. सई पहिलीत जाईल त्या जूनपर्यंत. तोवर झालं तर झालं. नाय झालं तर पुस्तकं बांधून ठेवायची आन दुसरं काय तरी करायचं, हसत. कबूल असंल तर सुरू कर." मला ती रेघ तेव्हा क्रूर वाटली. आज वाटतं, त्या रेघेमुळेच मी अडीच वर्षं रोज उठू शकले. न संपणाऱ्या रस्त्यावर चालायला पाय उचलत नाहीत.

तक्त्यात आणखी एक गोष्ट होती, जी मला उशिरा दिसली. माझ्या रांगेच्या खाली दुसरी एक रांग होती, तिच्यावर लिहिलं होतं 'अण्णा'. माझ्या प्रत्येक तुकड्याच्या खाली त्यांचं काम. मी सकाळी वाचत असताना दूध आणणं आणि चहा करणं अण्णा. बालवाडीत सोडणं अण्णा. दुपारी सई मधेच उठली तर तिला खेळवणं अण्णा. भाजी निवडणं अण्णा. आई तो कागद बघून खो खो हसल्या. "चाळीस वर्सं घरात पान्याचा पेला उचलला नाय ह्यांनी! भाजी निवडनार म्हनं." पहिल्या दिवशी अण्णांनी मेथीची पानं टाकून काड्या पातेल्यात घातल्या. पहिला चहा सगळ्यांनी डोळे मिटून प्यायला. पण महिन्याभरात हात बसला. सई तर त्यांच्याशिवाय जेवेना.

आणि अभ्यासही ते माझ्यापेक्षा आवडीने करायला लागले. मी भाकऱ्या करताना समोर पाटावर बसून प्रश्न विचारायचे. राज्यघटनेची कलमं त्यांना फार आवडली. आयुष्यभर गाड्यांचे नंबर पाठ केलेला माणूस, महिन्याभरात कलमांचे आकडे माझ्याआधी त्यांच्या तोंडात. नद्या, घाट, किल्ले हे तर त्यांना मार्गांसकट येत होतं. चालू घडामोडी ते स्टँडवरच्या घोषणेच्या सुरात वाचायचे, "लक्ष द्या, लक्ष द्या..." आणि सई पाठोपाठ ओरडायची, "अक्ष द्या!" एकदा शेजारच्या काकूंनी येऊन विचारलं, परीक्षा नक्की कोण देतंय तुमच्यात?

पहिली परीक्षा दीड वर्षाने झाली. जिल्ह्यातली लिपिकाची भरती होती. मी नापास झाले. नापास म्हणजे अगदी थोडक्यात यादीबाहेर राहिले, आणि थोडक्यात राहिलं की जास्त लागतं. त्याच आठवड्यात घरच्या एका लग्नाला गेलो तर एक आत्याबाई म्हणाल्या, "आता पुरे झालं गं, सईला भावंड आन." मी घरी आले आणि सांगून टाकलं, बास. मला वाटलं अण्णा समजूत घालतील. त्यांनी तक्ता काढला. माझ्या रांगेत मी रोज खुणा करायचे, झालं की बरोबरची खूण. अंकगणित आणि बुद्धिमापनाच्या सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या आणि परीक्षेत मार्क गेले होते ते नेमके तिथेच. अण्णा म्हणाले, "ह्या दुपारच्या टायमाला तू व्याकरनाचं पुस्तक घेऊन बसायचीस. मी रोज बगत होतो."  खरं होतं ते. गणिताची मला भीती होती. त्या वेळेला मी मराठी व्याकरण वाचायचे, जे मला छान यायचं, आणि खूण गणिताच्या चौकटीत करायचे. कुणाला फसवत होते देव जाणे. "फेरी झाली नाय तर रद्द लिवायचं," अण्णा म्हणाले. "झाली म्हनून लिवलं तरी परवाशी तितंच उभा असतो ना गं." मी संतापले. बघत होतात तर बोलला का नाहीत? "मी टाईम बगनार. गाडी चालवनारी तू," एवढं बोलून ते उठून गेले.

चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. एका घरात, एका पंगतीला बसून. पाचव्या दिवशी सकाळी घरात कुणी नव्हतं, अण्णा सईला घेऊन पळसदरीच्या शेतावर गेले होते. मी तो कागद भिंतीवरून काढायला उभी राहिले, फाडायचाच या विचाराने. काढताना नजर खालच्या रांगेवर गेली. दीड वर्षात ती मी कधी नीट वाचलीच नव्हती. तिथे अण्णांनी स्वतःचा हिशोब ठेवला होता. 'रद्द – मॅच बघितली.' 'वीस मिनिटं उशीर – गुडघा.' 'रद्द – सईला मारलं, नंतर वाईट वाटलं.' 'रद्द – झोप लागली, वैशालीने पाहिलं नाही.' 'चहा झाला पण साखर विसरलो.' दीड वर्ष, रोज. मी त्या भिंतीशी खाली बसले आणि एकटीच इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं... मग पेन घेतलं आणि माझ्या रांगेतल्या गणिताच्या एकेका खोट्या खुणेवर 'रद्द' लिहीत गेले. दुपारी अण्णा आले, त्यांनी कागद बघितला. संध्याकाळी माझ्यासाठी शिळफाट्यावरून गणिताच्या सरावाचं पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, "लई जाड हाय. पन आपल्याकडं वरीस हाय."

त्या वर्षी रविवारी ते मला स्कूटरवर शिळफाट्याला न्यायचे. तिथे एका अभ्यासिकेत पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवायला बसवत. मी आत, अण्णा बाहेर चहाच्या टपरीवर. तिथेच त्यांना कमळ भेटली. ठाकूरवाडीतली मुलगी, पोलीस भरतीची तयारी करणारी, घरचं काम आणि मोलमजुरी सांभाळून. अभ्यासाला वेळच मिळत नाही, असं ती मैत्रिणीला सांगत होती ते अण्णांनी ऐकलं, आणि खिशातून पेन निघालं. डोंगरावरच्या वाडीतून खाली यायला तिला सव्वा तास लागायचा, वर जायला दीड. "मंग पावनेतीन तास हायत की तुझ्याकडं!" अण्णा म्हणाले. उतरताना पाठांतर, मोठ्याने, आणि चढताना मैदानी चाचणीचा सराव, घड्याळ लावून. कमळ लाजत म्हणाली, "मोठ्याने बोलले तर वाडीतली हसतील." अण्णा म्हणाले, "हसू दे की. मी तीस वर्सं माइकवर बोललो, सगळं ष्टँड हसायचं." कमळ दुसऱ्या भरतीत लागली. अण्णांच्या बाराव्याला ती आली होती, रजा काढून. ती सांगत होती, वाडीतली लहान मुलं आता खाली शाळेत येताना पाढे म्हणत उतरतात, कुणी सांगितलं म्हणून नाही, तिचं ऐकून ऐकून.

तलाठी परीक्षा झाली ती लाल रेघेच्या अडीच महिने आधी. पेपर बरा गेला, पण बरा म्हणजे किती ते कळेना. निकाल लागायच्या आधीच जून उजाडला. सई नवा गणवेश घालून पहिलीत गेली. तिला शाळेत सोडून अण्णा घरी आले, त्यांनी सुतळी घेतली आणि माझी सगळी पुस्तकं बांधायला बसले. आई म्हणाल्या, "आवो, निकाल तर लागू द्या!" अण्णा म्हणाले, "गाडी सुटली. आता पोचंल तवा पोचंल. तिकडं बगत बसायचं नाय." मला वाटलं होतं, त्या दिवशी मला रडू येईल. पण खरं सांगू, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मी जे करायचं ते केलं होतं, आणि कागदावर एकही खोटी खूण नव्हती. त्या दुपारी मी दोन तास गाढ झोपले. अडीच वर्षांत पहिल्यांदा.

श्रावणात यादी लागली. संदीपने मोबाईलवर माझं नाव तीनदा वाचलं. अण्णा ओटीवर शेंगा सोलत होते. ऐकून उठले, आत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मी बघायला गेले तर ते कपाटाच्या दाराआड उभे राहून धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. मला बघून म्हणाले, "शेंगदान्याचं टरफल गेलं डोळ्यात." आणि लगेच, "तलाठ्याला गावात भाऊसाहेब म्हनतात. मंग बाई तलाठ्याला काय म्हनायचं?" तेव्हापासून जेवताना ते मला भाऊसाहेबच म्हणायचे. "भाऊसाहेब, जरा आमटी वाढा."

माझी नोकरी सुरू झाली आणि आमच्या ओटीवर गर्दी वाढली. रोज दुपारी चार वाजता. कर्जतहून, खालापूरहून, नेरळच्या बाजूने मुलंमुली यायची, त्यांच्याकडून ऐकून आणखी कुणी. सगळ्यांना आधी तीच शिक्षा, आठ दिवस स्वतःच्या दिवसाची नोंद करून आणायची, खरी. निम्मे परत यायचेच नाहीत. जे यायचे त्यांच्यासाठी अण्णा चार कागद चिकटवायचे. एक जण सोळा तासांचं टाईमटेबल घेऊन आला होता, त्याला म्हणाले, "बाळा, हे मानसाचं नाय, घड्याळाचं टाईमटेबल हाय." आई आतून चहा पाठवायच्या आणि दारातून कुरकुरायच्या, "ह्यांचं ष्टँड काय रिटायर झालं नाय." त्या स्वतः कधी त्या बैठकीत बसल्या नाहीत. दाराच्या आत, तांदूळ निवडत असायच्या.

अण्णांना जाऊन पाच आठवडे झाले. घर हळूहळू रुळावर येतंय. सई आठवीत आहे, आजोबांचं नाव काढलं की उठून बाहेर जाते, मग स्वतःच एखादी त्यांची नक्कल करून दाखवते. मागच्या शनिवारी मी घरी होते. चार वाजता ओटीवर कुणीतरी चपला काढल्याचा आवाज आला. चौक गावाच्या बाजूने आलेली एक बाई होती, तिशीतली, कडेवर एक लेकरू आणि दुसरं हाताला. तिला काही माहीत नव्हतं. "अण्णा हायत का? माझ्या परीक्षेचं टाईमटेबल त्यांच्याकडून बसवून घ्यायचं व्हतं..." मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आई सूप बाजूला ठेवून उठल्या. पदर सारखा केला, ओटीवर आल्या आणि अण्णा बसायचे त्या जागेच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून, बसल्या. "ते गेले गं बाय. तू बस," म्हणाल्या. ती बिचारी घाबरून उठायला लागली, तर तिचा हात धरून आईंनी तिला खाली बसवलं. लहानग्याला स्वतःच्या मांडीवर घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वैशू, वही आन." मी वही आणली. आईंनी क्षणभर डोळे मिटले आणि विचारलं, "आदी मला सांग, सकाळच्याला भाकऱ्या किती करतेस?"

"चौदा," ती म्हणाली.

"लिव गं वैशू. चौदा भाकऱ्या, पाऊन तास." आणि मग त्या मोकळ्या जागेकडे एकदा बघून, "ह्यांना हे कदी कळलंच नाय बग. हे आपले सगळ्या बायांना अर्धा तास धरायचे."